उपकाराच्या पेटीतली चिठ्ठी

ढोलकी वाजत होती, आणि ती आमच्याच मंडळीची होती. अख्ख्या तालुक्यात गिदोनइतकी जोरात ढोलकी बडवणारा दुसरा माणूस नव्हता.

रविवार होता. सकाळचे साडेअकरा झाले असतील. सरकारी दवाखान्याच्या अगदी टोकाच्या खोलीत, खिडकीवर टांगलेल्या काळ्या घोंगडीपाशी मी उभी होते. खोलीत भर दिवसा अंधार केलेला. खाटेवर माझा नवरा आमोस पडला होता आणि त्याला धनुर्वात झाला होता.

धनुर्वात ज्यांनी पाहिला नाही ते भाग्यवान. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळत असतं. दातखीळ बसलेली, मान आणि पाठ फळीसारखी ताठ. जरा खट्ट झालं, दाराच्या फटीतून उजेड आला, कुणाचा नुसता हात लागला, तरी अंगाची कमान होते. डोकं आणि टाचा तेवढ्या खाटेला टेकतात, बाकीचं शरीर वर. तो झटका ओसरेपर्यंत श्वास घेता येत नाही. "ओसरला की श्वास येतो," असं डॉक्टर मला म्हणाले होते. "एखादा लांबला तर मात्र..."

सिस्टर लोखंडेबाईंनी त्या खोलीला शाळेतल्या मौनाच्या तासासारखी शिस्त लावली होती. दाराच्या चौकटीला कापूस चिकटवलेला. चपला बाहेर. बादलीची कडी वाजते म्हणून बादली बाहेर. बोलायचं ते कानाशी. सहा दिवस मी मांजरासारखी वावरत होते. शनिवारी दिवसभरात अकरा मोठे झटके आले होते, आणि त्या रविवारी उजाडल्यापासून सात. आकडा चढत होता. सिस्टर तो मला सांगायच्या नाहीत, पण मलाही मोजता येत होतं.

आणि आता ढोलकी, खंजिरी, टाळ आणि त्यावर पन्नास-साठ माणसांचा गळा, बाजारपेठेच्या अंगानं दवाखान्याकडे येत होता.

आमच्या मंडळीत एक रीत होती. चर्चच्या दाराशी दोन लाकडी पेट्या असायच्या. एक विनंत्यांची, एक उपकारस्तुतीची. आजारी, परीक्षा, कोर्टकचेरी, दारू सुटत नाही, जावई नांदवत नाही, अशा सगळ्या चिठ्ठ्या विनंतीच्या पेटीत. ती पेटी कायम तुडुंब. उपकाराच्या पेटीत महिन्यातून दोन चिठ्ठ्या पडल्या तर पुष्कळ. म्हणून असेल, पण ज्याची उपकाराची चिठ्ठी वाचली जाईल त्याच्या दारापर्यंत सगळ्यांनी उपासना सुटल्यावर गात जायचं आणि तिथं गूळखोबरं खायचं, असं कुणीतरी जुन्या माणसानं ठरवून ठेवलं होतं. आमच्या लोकांना गायला निमित्त लागत नाही, आणि हळू गाणं तर ठाऊकच नाही.

आदल्या दिवशी मी एक चिठ्ठी पाठवली होती, हे खरं. पण माणसांनी ढोलकी घेऊन गात यावं असं तिच्यात काही नव्हतं. ती वाचून कुणी आलंच, तर मला फैलावर घ्यायला यायला हवं होतं.

माझ्या मागे खाटेचा लोखंडी पाय फरशीवर थरथरला. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथंच खिळले असते. दार हळूच लोटलं आणि बाहेर आल्यावर धावत सुटले.

चपला घालायचं भान नव्हतं. अंगणातली फरशी तापलेली होती. फाटकापाशी पोचले तर मंडळी वळणावर आलेली. पुढे उमाप मास्तर, डोक्यावर पांढरी टोपी, छाती काढून. त्यांच्या शेजारी नामीआत्या, सत्तरीच्या, पदर खोचून टाळ वाजवणाऱ्या. मागे गिदोन. ओरडून थांबवायची सोय नव्हती, ओरडा खोलीपर्यंत गेला असता. म्हणून मी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

त्यांनीही हात हलवले. मी आनंदानं सामोरी आले असंच त्यांना वाटलं. गाणं आणखी चढलं. नामीआत्यांनी गिरकीसुद्धा घेतली.

मी पळत जाऊन गिदोनच्या ढोलकीवर दोन्ही तळवे दाबून धरले. कातडं माझ्या हाताखाली धडधडत थांबलं. मग मास्तरांच्या तोंडावर हात ठेवला. मास्तरांच्या तोंडावर हात ठेवणारी त्यांच्या उभ्या आयुष्यात मी पहिलीच. गाणं पुढून मागे हळूहळू विझत गेलं. शेवटच्या रांगेतल्या दोघी तिघी बराच वेळ गात होत्या.

"आवाज नको," मी कुजबुजले. "त्यांना झटका येतो आवाजानं. जीव जाईल."

"कुणाला?" मास्तरांनी विचारलं.

"यांना. आणखी कुणाला?"

मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. "पण आमोस तर बरा झाला ना?"

तेवढ्यात सिस्टर लोखंडे व्हरांड्यात आल्या. त्यांनी काही न बोलता एक हात वर केला आणि तो तसाच धरून ठेवला. तो हात वर असेपर्यंत मीही श्वास घेतला नाही. मग त्यांनी हात खाली घेतला आणि मान हलवली. झटका ओसरला होता. आठवा. त्या परत आत गेल्या.

मी तिथंच रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसले.

उमाप मास्तर आमच्या मंडळीचे सेक्रेटरी. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, त्यामुळे गावातला निम्मा माणूस त्यांच्या छडीखालून गेलेला. मनाचे सरळ, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं त्यांना सोसायचं नाही. पेटीतल्या चिठ्ठ्या वाचण्याआधी ते लाल शाईनं तपासायचे. देवाकडे अशुद्ध मराठी जाऊ नये म्हणून, असं आम्ही मागून म्हणायचो. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, चार गावं होती. त्या रविवारी ते दुसऱ्या गावी होते आणि उपासना मास्तरांनी चालवली होती. स्वतः मास्तर चार दिवस मुलीकडे जाऊन त्याच सकाळच्या एस.टी.नं परतलेले. आमोसला दवाखान्यात ठेवलंय, एवढंच त्यांना माहीत होतं.

"सुवार्ताबाई," ते माझ्यापुढे वाकून शक्य तितक्या हळू म्हणाले, "काहीतरी घोटाळा झालाय. तुमची चिठ्ठी उपकाराच्या पेटीत होती."

"हो."

"चुकून पडली?"

"मीच टाकली," नामीआत्या मध्येच म्हणाल्या. "हिनं सांगितलं म्हनून टाकली. मी इचारलंबी, उपकाराच्या पेटीत का गं? तर हो म्हनाली. मला काय वाचता येतंय व्हय? आज मास्तरानं वाचलं, आमोस बरा झाला. म्या म्हटलं, रातीतून देवानं केलं आसंल. देवाला काय अवघड?"

मास्तरांनी कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. दवाखान्याच्या केसपेपरच्या पाठीवर लिहिलेली. माझं अक्षर. आणि मध्ये लाल शाई.

आता ती चिठ्ठी मी कशी लिहिली ते सांगायलाच हवं.

आमोस गवंडी. हात असा की त्यानं बांधलेल्या भिंतीवर ओळंबा लावून पाहायला मुकादम लाजायचे. चर्चचे पत्रे गंजले होते. वादळवाऱ्याच्या आधी ते बदलायचे म्हणून आमोस आठ दिवस स्वतःचं काम सोडून छपरावर चढला. फुकट, देवाच्या घराचं काम म्हणून. पाचव्या दिवशी जुन्या पत्र्याचा खिळा चपलेतून आरपार पायात गेला. घरी येऊन हसत म्हणाला, "तुझ्या देवाचा खिळा लागला बघ." आम्ही हळदचुना भरला. सुई घ्यायचं कुणाला सुचलं नाही. आठ दिवसांनी जेवताना घास तोंडात जाईना.

शनिवारी दुपारी पाळकसाहेब भेटायला आले होते. व्हरांड्यात बसले. भले गृहस्थ होते, मला दोष द्यायचा नाही. पण बोलायचं काय हे कळेनासं झालं की माणसं पाठ असलेलं बोलतात. ते म्हणाले, "सुवार्ताबाई, सगळ्या स्थितीत उपकार मानायला शिकलं पाहिजे. सगळ्या." आणि त्याच वेळी आतून खाटेचा आवाज आला. दहावा झटका होता तो. मी आत पळाले. परत आले तेव्हा पाळकसाहेब गेले होते आणि त्यांचं वाक्य तेवढं बाकावर बसलेलं होतं.

माझं डोकं फिरलं. पाच दिवस मी विनवण्या केल्या होत्या. गुडघे फुटेस्तोवर. छपरावर चढला तो तुझ्यासाठी, असं बजावलं होतं देवाला. आणि वर मीच उपकार मानायचे? बरं तर, मानते. बालवाडीत शिकवत होते, लिहायला येत होतं. केसपेपर पालथा केला आणि लिहिलं: 'माझे पती आमोस भिंगारदिवे यांना देवाच्या घराचे छप्पर घालताना धनुर्वात झाला, याबद्दल मी देवाचे उपकार मानते.' खाली सही. चार घड्या केल्या आणि भाकरी घेऊन आलेल्या नामीआत्यांकडे दिली. उद्या भर उपासनेत हे वाचलं जाईल आणि सगळ्यांसमोर देवाची मान खाली जाईल, असा माझा हिशेब होता. जखमेवर मीठ चोळायचं तर मग देवालाही थोडं झोंबू दे.

पण मी मास्तरांची लाल शाई विसरले होते. 'झाला' या शब्दापुढे त्यांनी शब्द घालायची खूण, काकपद, काढून वर बारीक, देखण्या अक्षरात भर घातली होती: 'होता, तो पूर्ण बरा केला'.

मला हसू आलं की रडू ते आजही सांगता येणार नाही. तोंडावर पदर दाबून मी हलत राहिले.

"आनंदाच्या भरात दोन शब्द राहून गेले असतील, असं मला वाटलं," मास्तर म्हणाले. "वाक्य अपुरं दिसत होतं."

"वाक्य पूर्ण होतं, मास्तर."

त्यांना कळायला वेळ लागला. मग कळलं. त्यांनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मागे ज्यांना ऐकू आलं त्यांनी ज्यांना आलं नाही त्यांना सांगितलं.

"म्हणजे देवाची थट्टाच केली की," गिदोन म्हणाला. तरणा होता, आणि ढोलकी बंद पडल्याचा रागही होता त्याला. "आणि आम्ही येड्यासारखे पेठेतून नाचत आलो."

"हो," मी म्हणाले. "थट्टा केली. कुणाला काय म्हणायचंय ते म्हणा, पण हळू म्हणा."

नामीआत्या माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. "माझी तीन लेकरं गेली तवा म्या मंडळीत पाऊल टाकलं न्हवतं दोन वरीस," त्या गिदोनला म्हणाल्या. "ही निदान चिठ्ठी तरी धाडती. तू गप."

मी मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस रागावेल, कमिटी बोलावेल, नाव कापेल. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. त्यांची मान दुसरीकडे वळली होती. मीही ऐकलं.

पलीकडून, साळुंख्यांच्या मळ्याच्या बाजूनं बँड येत होता. लग्नसराई होती. नवरदेव मारुतीच्या पारावर निघाला होता, आणि पारावर जायचा रस्ता दवाखान्याला घासून जातो. ताशा, क्लॅरिनेट आणि तो मोठा ढोल. गिदोनची ढोलकी त्यापुढे काहीच नव्हती.

मी उठले. कुठे पळावं कळेना. आत जाऊन त्याच्या कानावर हात ठेवावेत तर हातानंच झटका यायचा. बाहेर जावं तर साठ-सत्तर परक्या माणसांना, भर लग्नात, मी एकटी काय सांगणार? आठवा झटका ओसरून दहा मिनिटं झाली नव्हती. मी देवाला काही म्हणालेसुद्धा नाही. म्हणायचं ते कालच लिहून झालं होतं.

मास्तरांनी टोपी नीट केली आणि चालू लागले. त्या वयाचा माणूस इतका भराभर चालताना मी पाहिला नव्हता. शंभरएक पावलं जाऊन ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. बँड त्यांच्या अंगावर आला तरी हलले नाहीत. नुसतं एक बोट ओठांवर ठेवलं.

वर्गात पाऊल टाकताना ते हेच करायचे. तीस वर्षं.

बँडमास्तर कोंडिबा त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्याचा क्लॅरिनेट असा खाली आला की जणू कुणी हातावर छडी मारलीय. त्याच्यामागे ताशा थांबला. ढोलवाल्याला कळायला दोन ठोके जास्त लागले. मग शांत.

नवरदेवाचा मामा पुढे आला. लांबून मला शब्द ऐकू येत नव्हते, हातवारे दिसत होते. नंतर मास्तरांनीच सांगितलं. मामा म्हणाला होता, "गुरुजी, मुक्यानं मयत नेत्यात, नवरदेव न्हाई. अपशकून हाय." आणि मास्तर म्हणाले होते, "आत एक माणूस आहे. त्याला आवाज सोसत नाही. फाटकाच्या अलीकडे पन्नास पावलं आणि पलीकडे पन्नास. मयत टाळायचं असेल तर एवढं करा."

मामा ऐकेना. तेव्हा घोड्यावरून नवरदेवच उतरला. मुंडावळ्या बाजूला सारून त्यानं घोड्याच्या टापांकडे बघितलं आणि लगाम मोतद्दाराकडे देऊन त्याला मळ्याच्या वाटेनं लावलं. मग खाली बसून त्यानं आपले नवे बूट काढले. करकर वाजत होते. ते काखेत मारून तो नुसत्या पायमोज्यांवर फाटकासमोरून चालत गेला. त्याच्यामागे करवल्या, पैंजण हातात काढून घेतलेल्या. त्यांच्यामागे बँडवाले, वाद्यं छातीशी धरून. मला ओळखणारं त्यात कुणी नव्हतं. नवरदेवाचं नाव मला अजूनही माहीत नाही. तो माझ्यासमोरून गेला तेव्हा त्यानं मान तुकवली, आणि मीही तुकवली.

रस्त्याच्या दोन्ही कडांना आमची मंडळी उभी होती. गायला आलेली माणसं, तोंड मिटून. वरात गेली तरी ती घरी गेली नाहीत. मास्तरांनी त्यांना कामं वाटून दिली. दोघं वळणावर, एस.टी. आली की हात दाखवून हॉर्न वाजवू द्यायचा नाही. एक बर्फवाल्याच्या गाडीपाशी, त्याच्या घंटीला रुमाल बांधून. गिदोननं दोन कुत्री भाकरीच्या तुकड्यावर पार ओढ्यापलीकडे नेली. बायका फाटकाशी बसल्या, आलेल्यागेलेल्याला ओठांवर बोट ठेवून दाखवत. घरी चुली थंड होत्या, पोरं उपाशी होती, पण कुणी हललं नाही. दिवस मावळेपर्यंत ते असेच होते, आणि पुढचे दिवस पाळीपाळीनं येत राहिले.

मी आत जाण्याआधी मास्तर माझ्याकडे आले. हातात मी मैलाच्या दगडावर विसरलेली चिठ्ठी.

"ही कमिटीच्या दप्तरात लावावी लागते," ते म्हणाले. "मी लाल शाई खोडून ठेवतो. तुम्ही लिहिलं तसं राहील."

"नको मास्तर. फाडून टाका."

"मला फाडता येत नाही," ते म्हणाले. "तीस वर्षांत एकही पेपर फाडला नाही."

बुधवारी सकाळी आमोस गेला. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच आशा धरणार नाही. देवानं ऐकलं की नाही असं मला एकेचाळीस वर्षं लोक विचारतात. मला माहीत नाही. मी फक्त रविवारचं सांगू शकते, आणि रविवारचं थोडं राहिलंय.

मी आत आले तेव्हा सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी उठून मला जागा दिली आणि कानाशी म्हणाल्या, "बाहेर काय केलंत? इतकी शांतता या दवाखान्यात मी नोकरीला लागल्यापासून पाहिली नाही." आणि त्या बाहेर गेल्या.

मी अंधारात बसले. अर्धा तास गेला. झटका आला नाही. पाऊण तास. मी मोजत होते, मोजायची खोडच लागली होती. तासाभरानंतर खाटेवरून आवाज आला. दात मिटलेलेच, त्यांच्या फटीतून येणारा, पण त्याचाच.

चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायचे, एकट्यात नाव घ्यायचे. तो मला सुवार्ते म्हणायचा.

"सुवार्ते. सगळे गेले का?"

"कोण सगळे?"

"गावातले. काहीच ऐकू येत नाही."

"कुणी गेलं नाही. आपली मंडळी आहे बाहेर. रस्त्यावर उभी आहे. आवाज होऊ देत नाहीत."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं दमला. मग म्हणाला, "आपली मंडळी? आणि गप्प?"

त्याच्या गळ्यात काहीतरी हललं. तो हसत होता. मी घाबरून उभी राहिले, हसण्यानं झटका येईल म्हणून. आला नाही.

मग मी त्याला सांगितलं. चिठ्ठीचं, लाल शाईचं, सगळं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण जाणाऱ्या माणसापाशी खोटं ठेवून बसणं मला जमेना, आणि तो जाणार हे मला तोवर कळलं होतं. मी म्हणाले, "देवाला टोमणा मारला मी. तुझ्या जिवावर."

"काय वाचलं मास्तरांनी?"

"तू बरा झालास, असं."

"उपकारात?"

"उपकारात."

प्रत्येक शब्दाला त्याला जबडा जणू हातानं उचलावा लागत होता. "आजाऱ्यांची यादी मास्तर घाईनं वाचतात," तो म्हणाला. "कुणी ऐकत नाही. मीही कधी ऐकली नाही." आणि थोड्या वेळानं, "उपकारात माझं नाव कधी आलं नव्हतं."

"खोटं होतं ते, आमोस."

"असू दे," तो म्हणाला. "आता दुखत नाही. आत्ता, या घटकेला, नाही दुखत. तेवढं तरी खरं आहे."

मला रडू फुटलं, पण मोठ्यानं रडायची सोय नव्हती. मी पदर तोंडात कोंबला. सहा दिवसांत त्याचं अंग दुखत नाही अशी ही पहिली घटका होती, आणि ती आम्हाला बाहेर उन्हात उपाशी उभ्या असलेल्या माणसांनी दिली होती. एका नवरदेवानं दिली होती. आणि त्यांना इथवर कुणी आणलं, तर माझ्या रागानं. हे असं कोण जुळवतं, मी स्वतःला विचारलं, आणि विचारताना माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

मी स्टुलावरून खाली उतरले आणि खाटेशेजारी गुडघे टेकले. सहा दिवस रोज मागत होते, त्यामुळे मागण्याची तोंडाला सवय झालेली. पण या वेळी मी ओठांतल्या ओठांत आधी म्हणाले, "देवा, हा तास दिलास. तुझे उपकार." खरे उपकार, टोमण्याचे नाहीत. मग मी पुढचं म्हणायला तोंड उघडलं. त्याला वाचव, म्हणणार होते. उद्याही असाच ठेव, परवाही, चाळीस वर्षं ठेव. सगळं जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात त्याचा श्वास संथ लागला. आमोसला झोप लागली होती, सहा दिवसांत पहिल्यांदा. माझ्या कुजबुजण्यानंसुद्धा मोडली असती अशी.

मी तोंड मिटून घेतलं. मागायचं ते राहून गेलं.